चिठ्ठी निघते तेव्हा कॅमेरा कुठे असतो?

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहीण माहेरी आली की अमळनेरच्या आमच्या घरात दोन गोष्टी ठरलेल्या असतात. दारच्या कडुनिंबाला झोका आणि रात्री धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, अंथरुणं. या वेळी अकरावीतल्या भाचीनं, सईनं, त्यात तिसरीची भर घातली. जेवणं झाल्यावर ती लॅपटॉप घेऊन धाब्यावर आली आणि तिनं ‘द हंगर गेम्स’ लावला. हिंदी डबिंग, म्हणजे आजीलाही कळावं. थोडा वेळ गेला. मुलांची नावं पुकारायला सगळं गाव चौकात जमलंय, एक नटवी बाई काचेच्या भांड्यात हात घालतेय, आणि नेमकी तिथेच लॅपटॉपनं मान टाकली. चार्जर खाली, आणि खाली लाइट गेलेली.

“मंग? कोनी चिठ्ठी निंघनी?” आईनं विचारलं.

सईनं पुस्तक तीनदा वाचलंय. ती सांगायला लागली. आणि सांगताना तिनं एक हिशोब सांगितला, जो मी सिनेमा दोनदा पाहूनही मला धड माहीत नव्हता. या काल्पनिक देशात, पॅनेममध्ये, बारा जिल्हे. दर वर्षी प्रत्येक जिल्ह्यातून एक मुलगा आणि एक मुलगी चिठ्ठी टाकून उचलायची. एकूण चोवीस जणांनी एकमेकांना मारायचं, एक उरेल तो जिंकला, आणि हे सगळं टीव्हीवर. मुलाला बारा वर्षं पूर्ण झाली की त्याच्या नावाची एक चिठ्ठी भांड्यात पडते. तेराव्या वर्षी दोन, चौदाव्या वर्षी तीन, अशा वाढत अठराव्या वर्षी सात. इथपर्यंत सगळ्यांना सारखं. पण घरात खायला नसेल तर सरकार एका माणसापुरतं वर्षाचं धान्य आणि तेल देतं. बदल्यात तुमच्या नावाची एक चिठ्ठी जास्त पडते, आणि ती दर वर्षी साचत जाते. नायिका कॅटनिस सोळा वर्षांची. तिनं बाराव्या वर्षापासून स्वतःचं, आईचं आणि बहिणीचं असं तिघींचं धान्य उचललं. पाच वर्षांच्या पंधरा, वयाच्या पाच, एकूण वीस चिठ्ठ्या. तिचा मित्र गेल अठरा वर्षांचा, घरात खाणारी पाच तोंडं. सात साती... नाही, पाच साती पस्तीस अधिक सात, बेचाळीस.

आईनं एकाच वाक्यात विचारलं, “म्हंजे रेशन लिधं का चिठ्ठी वाढनी?”

हो. तेवढंच. कादंबरीतली अख्खी राजवट त्या एका प्रश्नात आली. सोडत सगळ्यांसाठी सारखी दिसते, पण भांड्यात गरिबाची नावं जास्त. सिनेमात हे दोन-तीन वाक्यांत उरकतं. गेल ‘बेचाळीस’ असं म्हणतो, कॅटनिस धाकट्या बहिणीला जास्तीचं धान्य घेऊ नकोस म्हणून बजावते. ज्यानं पुस्तक वाचलंय त्याच्या काळजात चर्र होतं, ज्यानं नाही वाचलं तो पॉपकॉर्न उचलतो.

तेव्हापासून डोक्यात एक गोष्ट घोळतेय. कुमारवयीन वाचकांच्या या भयाण भविष्याच्या कादंबऱ्या पडद्यावर येताना नेमकं काय बदलतं? ‘पुस्तकात होतं ते सिनेमात नाही’ ही तक्रार सगळेच करतात, आणि ती तशी फुसकी आहे. साने गुरुजी याच अमळनेरात शिक्षक होते. त्यांची ‘श्यामची आई’ बेचाळीस रात्रींची. (हा बेचाळीसचा योगायोग माझाही नाही आणि त्यांचाही नाही.) आचार्य अत्र्यांनी १९५३ साली त्यावर सिनेमा काढला, १९५४ साली राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्याला मिळालं. काही रात्री त्यात गळणारच होत्या. गाळण्यानं सिनेमा वाईट होत नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. गोष्ट सांगणारा कुठे उभा आहे, हे बदललं की गोष्टीचं काय होतं?

आधी शब्द नीट करून घेऊ

‘युटोपिया’ म्हणजे सगळं आलबेल असलेली काल्पनिक नगरी. आपण रामराज्य म्हणतो तसलं काहीतरी. ‘डिस्टोपिया’ ही त्याच नगरीची मोरीकडची बाजू. नुसती युद्धानं किंवा रोगानं उजाड झालेली दुनिया दाखवली की डिस्टोपिया होत नाही. तिथे एक चालू व्यवस्था लागते, कार्यालयं, नियम, समारंभ लागतात, आणि ‘हे तुमच्याच भल्यासाठी आहे’ असं ती व्यवस्था हसून सांगत असावी लागते. लॉइस लोरी यांच्या ‘द गिव्हर’मध्ये (१९९३) समाजात दुःख, भांडण, भूक काहीच नाही, कारण निवडीचा हक्कच काढून घेतलाय. व्हेरॉनिका रॉथ यांच्या ‘डायव्हर्जंट’मध्ये (२०११) शिकागो शहराचे स्वभावानुसार पाच गट पाडलेत, आणि सोळाव्या वर्षी मुलांनी आपला गट निवडायचा, तो कायमचा. दहावीच्या निकालानंतरचा आठवडा आठवा. ‘सायन्स घेतोस ना?’ असं विचारत घरी येणारे नातेवाईक आठवा. आपल्या पोरांना हे पुस्तक वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

नायक-नायिका सोळाच्या आसपासच का, याचं उत्तर यातच आहे. त्या वयात पहिल्यांदा कळतं की मोठ्यांनी सांगितलेले नियम कुणीतरी बनवलेले असतात. कुणी म्हणेल, एवढीशी पोरं राजवटीशी कसली लढतात, हा सगळा कादंबरीचा खेळ आहे. त्यांनी नंदुरबारला जाऊन यावं. ९ सप्टेंबर १९४२ ला तिरंगा घेऊन मिरवणुकीत चाललेला शिरीषकुमार पोलिसांच्या गोळ्यांनी पडला, तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. त्याच्याबरोबर आणखी चौघं गेले. खान्देशातल्या शाळकरी मुलांना हे नाव पाठ असतं.

आता मुख्य मुद्दा. यातल्या बऱ्याच कादंबऱ्या ‘मी’ म्हणून सांगितलेल्या असतात, आणि त्याही वर्तमानकाळात. ‘मी धावले’ नाही, ‘मी धावते आहे’. हे साधं व्याकरण वाटतं, पण त्यानं तीन गोष्टी होतात. ‘मी धावले’ म्हणणारी मुलगी जगली आहे, नाहीतर सांगतेय कोण? ‘धावते आहे’ म्हणणारीचा पुढच्या पानाचा भरवसा नाही. दुसरं, तिला जेवढं दिसतं तेवढंच आपल्याला दिसतं. राजधानीत काय शिजतंय याचा तिला पत्ता नाही, तर आपल्यालाही नाही. आणि तिसरं सगळ्यात महत्त्वाचं: ती खोटं बोलते तेव्हा ते खोटं आहे हे आपल्याला आधी कळतं.

कॅमेऱ्याला ‘मी’ म्हणता येत नाही. तो नेहमी कुणाकडे तरी बघत असतो.

भाकरी की दंगल

‘द हंगर गेम्स’ (कादंबरी २००८, सिनेमा २०१२) यासाठी सगळ्यात चांगलं उदाहरण आहे, कारण इथे दोष अडाणीपणाला देता येत नाही. लेखिका सुझॅन कॉलिन्स मुळात लहान मुलांच्या टीव्ही मालिका लिहायच्या. ही कल्पना आपल्याला एका रात्री टीव्हीची चॅनेलं बदलताना सुचली, असं त्यांनी सांगितलंय. एका चॅनेलवर रिअॅलिटी शो, दुसऱ्यावर इराक युद्ध, आणि थकलेल्या डोळ्यांपुढे दोन्ही एकमेकांत मिसळली. सिनेमाच्या पटकथेतही दिग्दर्शक गॅरी रॉस आणि बिली रे यांच्याबरोबर त्यांचं नाव आहे. म्हणजे दोन्ही माध्यमं कोळून प्यायलेली बाई.

त्यांच्यापुढची अडचण बघा. कॅटनिसला गांधीलमाशीसारख्या एका घातकी किड्याचं पोळं दिसतं. पुस्तकात ती मनातल्या मनात सांगते की हे किडे सरकारनं प्रयोगशाळेत बनवलेत, डसले तर भास होतात. सिनेमात तिनं हे कुणाला सांगायचं? ती झाडावर एकटी. मनातला आवाज पडद्यामागून ऐकवता येतो, ‘डायव्हर्जंट’च्या सुरुवातीला तसं केलंय, पण इथे ते टाळलं. त्याऐवजी सिनेमा झटकन टीव्ही स्टुडिओत जातो. तिथला निळ्या केसांचा सूत्रसंचालक हसत हसत प्रेक्षकांना किड्याची माहिती देतो. युक्ती म्हणून झकास. पण काय झालं ते लक्षात घ्या. जी माहिती आपल्याला मारल्या जाणाऱ्या मुलीच्या तोंडून मिळत होती, ती आता मारणाऱ्यांच्या चॅनेलवरून मिळते. आपण झाडावरून उठून सोफ्यावर येऊन बसलो.

हेच पुन्हा पुन्हा होतं. खेळ चालवणारी मंडळी बसतात ती कंट्रोल रूम पहिल्या पुस्तकात एकदाही आतून दिसत नाही, कारण कॅटनिस तिथे कधी गेलेलीच नाही. सिनेमात ती मोठी जागा घेते. राष्ट्राध्यक्ष स्नो गुलाबाच्या बागेत उभा राहून ‘थोडी आशा ठेवावी, जास्त नको’ अशा अर्थाचं बोलतो, तेही सिनेमाचंच. दृश्य उत्तम आहे, डोनाल्ड सदरलँडनं ते खाल्लंय. मात्र पुस्तकातला स्नो भीतीदायक होता तो दिसत नव्हता म्हणून.

आता एक बारीक जागा. खेळाबाहेर बसलेला मार्गदर्शक हेमिच छोट्या पॅराशूटनं मुलांना वस्तू पाठवू शकतो. पुस्तकात तो एक अक्षरही लिहून पाठवत नाही. तहानेनं जीव जायची वेळ आली तरी कॅटनिसला पाणी येत नाही. ती चिडते, कोसळते, आणि मग तिच्या डोक्यात येतं: तो पाणी पाठवत नाही, म्हणजे पाणी जवळच असणार. न पाठवण्यातून तिला निरोप मिळतो. तसंच, तिच्याच जिल्ह्यातून निवडलेला मुलगा पीटा जखमी असताना तिनं त्याचं चुंबन घेतल्यावर लगेच गरम सूप येतं, आणि ती ओळखते की प्रेमाचं नाटक जोरात कर असं हेमिच सांगतोय. सिनेमात सुपाबरोबर चिठ्ठी येते, ‘याला चुंबन म्हणतेस?’ अशा अर्थाची. थिएटरात हशा होतो. तो हशा फुकटचा नाही. पुस्तकात आपण एका मुलीला विचार करताना बघत होतो, इथे तिला सूचना मिळताना बघतो. पीटावरचं तिचं प्रेम खरं की पोटासाठीचं, हा जो गोंधळ पुस्तकभर तिला आणि आपल्याला छळतो, तोही पडद्यावर विरघळून साधी प्रेमकहाणी उरते. पुढची चार वर्षं जगभरच्या मुली ‘तू पीटाच्या बाजूची की गेलच्या’ यावर भांडल्या, त्याचं मूळ इथे आहे असं मला वाटतं.

आणि आता भाकरी. हा भाग सईनं सांगितला तेव्हा धाब्यावर सगळे गप्प झाले होते.

रू नावाची बारा वर्षांची मुलगी, अकराव्या जिल्ह्याची. तो जिल्हा शेतमजुरांचा. बागेत फळं तोडायची, पण त्यातलं काही तोंडात टाकलं तर चारचौघांत फटके. माझ्या आईचं लहानपण दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचण्यात गेलं, तिला यातलं काहीच नवल वाटलं नाही. रू मरते. कॅटनिस तिचं शरीर रानफुलांनी सजवते, खेळ चालवणाऱ्यांना खिजवण्यासाठी. पुस्तकात त्यानंतर एक पॅराशूट येतं. त्यात एक छोटा पाव, चंद्रकोरीच्या आकाराचा, वरून बिया लावलेला. कॅटनिस ओळखते की हा अकराव्या जिल्ह्याचा. ज्यांना स्वतःला खायला नाही त्यांनी पैसे जमवून तो पाठवलाय. बहुधा रूसाठी जमवले असतील, ती गेल्यावर परत घेण्याऐवजी तिच्याजवळ बसलेल्या परक्या जिल्ह्याच्या मुलीला द्या म्हणाले. असं याआधी कधी झालेलं नाही. कॅटनिस अंधारात त्या लोकांचे आभार मानते. ते बघत असतील, असं समजून.

सिनेमात पाव नाही. कॅटनिस कॅमेऱ्याकडे बघून तीन बोटं वर करते, आणि दृश्य थेट अकराव्या जिल्ह्यात जातं. चौकात पडद्यावर बघणारी माणसं, त्यातला एक जण पोलिसांवर धावून जातो, पोती फाटतात, धान्य सांडतं, दंगल पेटते.

दोन्ही ठिकाणी अर्थ एकच: खालची माणसं पहिल्यांदा एकमेकांशी बोलली. दंगल अंगावर येते, दिग्दर्शन चोख आहे. तरी माझं मत भाकरीला. दंगल मी बऱ्याच सिनेमांत पाहिलीय. उपाशी लोकांनी वर्गणी काढून पाठवलेला एक पाव मी कुठेच पाहिला नव्हता. आणि दंगल दाखवली की कॅटनिसला जे माहीत नाही ते आपल्याला माहीत होतं. आपण पुन्हा तिच्यापासून दूर, सगळीकडे डोळे असलेल्यांच्या खुर्चीत.

माझं म्हणणं ते हेच. या गोष्टींत जुलमी सत्तेकडे सगळ्यात मोठं हत्यार असतं ते कॅमेरा. आणि सिनेमालाही गोष्ट सांगायला कॅमेराच लागतो. पुस्तक वाचताना आपण मैदानात असतो, सिनेमा बघताना आपण तिकीट काढून प्रेक्षकांत बसलेलो असतो. दिग्दर्शकाला हे कळलंय की नाही, यावर सिनेमा चांगला की वाईट ते ठरतं.

गॅरी रॉसला अर्धंमुर्धं कळलं होतं. खेळ सुरू होताच पहिल्या मिनिटात पोरं एकमेकांवर तुटून पडतात तिथे त्यानं आवाज जवळजवळ काढून टाकला, कॅमेरा हातात घेऊन इतका हलवला की कोण कुणाला मारतंय ते धड दिसत नाही. पुष्कळांना चक्कर आल्यासारखं झालं, तक्रारीही झाल्या. मला ते योग्य वाटतं. पोरांच्या मरणाचा तमाशा होऊ द्यायचा नाही, तर ते नीट दिसता कामा नये. अर्थात यामागे धंद्याचंही गणित होतं. अमेरिकेत ‘पीजी-१३’ प्रमाणपत्र मिळालं नसतं तर ज्या पोरांसाठी पुस्तक लिहिलं त्यांनाच थिएटरात एकट्यानं शिरता आलं नसतं. ब्रिटनमध्ये बारा वर्षांच्या गटाचं प्रमाणपत्र मिळावं म्हणून सात सेकंदांचं रक्त आणखी काढावं लागलं. जाहिरातवाल्यांना मात्र काहीच कळलं नव्हतं. २०१३ साली दुसऱ्या भागाच्या वेळी एका सौंदर्यप्रसाधन कंपनीनं राजधानीतल्या त्या नटव्या लोकांच्या नावानं मेकअपचा संच बाजारात आणला. ज्यांची थट्टा करायला गोष्ट लिहिली, त्यांच्यासारखं दिसा, फक्त अमुक रुपयांत!

रंग, गोंगाट आणि भिंत

‘द गिव्हर’ची फसगत तर अगदी पहिल्या चौकटीत होते. पुस्तकात योनास नावाचा अकरा-बारा वर्षांचा मुलगा सफरचंद झेलत खेळतोय. हवेत असताना क्षणभर सफरचंद ‘बदलतं’. काय बदललं ते त्याला सांगता येत नाही. पुढे कितीतरी पानांनंतर उलगडतं की त्याला लाल रंग दिसला, कारण या समाजात रंगच नाहीत. आणि तोवर आपल्या लक्षातही आलेलं नसतं की लेखिकेनं एकही रंग लिहिलेला नाही! शब्दांत हे लपवता येतं. कॅमेऱ्याला नाही. २०१४ च्या सिनेमाला सुरुवातच कृष्णधवल करावी लागली, म्हणजे योनासला जे कळायला दिवस लागले ते प्रेक्षकाला पहिल्या सेकंदाला कळलं. याला दुसरा उपाय मलाही सुचत नाही. पण योनासचं वय वाढवून त्याला जवळजवळ तरुण करणं, आणि शेवटाला ड्रोन-पाठलाग घुसवणं, याला काही इलाज होता. अभिनेता जेफ ब्रिजेस हा सिनेमा व्हावा म्हणून जवळपास वीस वर्षं झटत होता. मुळात त्याला आपल्या वडिलांना त्यात घ्यायचं होतं. सिनेमा झाला तोवर वडील गेले होते आणि ‘गिव्हर’ या म्हाताऱ्याची भूमिका त्याला स्वतःलाच करावी लागली.

वयाचं म्हणाल तर ते सगळीकडेच वाढतं. खऱ्या लहान मुलांकडून किती तास काम घ्यावं याचे कायदे कडक आहेत, आणि बारा वर्षांच्या पोराला प्रेमप्रकरण चिकटवता येत नाही. म्हणून सोळाची कॅटनिस विशीतली जेनिफर लॉरेन्स करते. ती अप्रतिम आहे, वाद नाही. फक्त पोस्टरवर ती मुलगी दिसत नाही, बाई दिसते, आणि ‘सरकार लेकरं उचलून नेतंय’ यातलं लेकरूपण थोडं कमी होतं.

‘केऑस वॉकिंग’ची गंमत उलटी. पॅट्रिक नेस यांच्या कादंबरीत प्रत्येक पुरुषाच्या मनातले विचार सगळ्यांना ऐकू येतात. कागदावर ते वेड्यावाकड्या, लहानमोठ्या अक्षरांत छापलेत, पान बघूनच डोकं भणाणतं. म्हणजे मनातला आवाज बाहेर काढण्याची जी अडचण बाकीच्यांना होती ती इथे गोष्टीनंच सोडवून ठेवलेली! तरी २०२१ चा सिनेमा पडला. डोक्याभोवती रंगीत धूर आणि पुटपुट, एवढंच त्यांना सुचलं. शूटिंग २०१७ साली झालं होतं, मग २०१९ मध्ये पुन्हा काही भाग चित्रित केले. सुमारे दहा कोटी डॉलर घातले, तीनही कोटी आले नाहीत.

याउलट ‘द मेझ रनर’. जेम्स डॅशनर यांच्या गोष्टीत पोरगा शुद्धीवर येतो तो उंच भिंतींच्या आत, स्वतःचं नावही आठवत नाही. सिनेमा (२०१४) जवळपास शेवटापर्यंत भिंतीच्या आतच राहतो. भिंत कुणी बांधली, का बांधली, ते त्याला कळेपर्यंत आपल्यालाही कळत नाही. सुमारे साडेतीन कोटी डॉलरांत केलेल्या या सिनेमानं चौतीस कोटींच्या वर गल्ला जमवला. महान कलाकृती नाही, संवाद यथातथाच. पण कॅमेरा पोरांच्या बाजूला उभा राहिला.

शेवटच्या भागाचे दोन तुकडे

पैशाचं थोडक्यात सांगतो. ‘हॅरी पॉटर’च्या शेवटच्या पुस्तकाचे २०१० आणि २०११ मध्ये दोन सिनेमे केले, ‘ट्वायलाइट’नं तेच केलं, दोघांनीही बक्कळ कमावलं. झालं, प्रत्येक निर्मात्याला वाटलं की शेवटचा ऊस दोनदा चरकात घालता येतो. ‘हंगर गेम्स’चा दुसरा भाग साडेशहाऐंशी कोटी डॉलरांवर गेला होता. तिसऱ्या पुस्तकाचे दोन तुकडे केल्यावर पहिला साडेपंचाहत्तर कोटींवर आला, दुसरा पासष्टच्या आसपास. आकडे अजूनही मोठेच, पण उतरते. असे तुकडे करायला नको होते, हे दिग्दर्शक फ्रान्सिस लॉरेन्सनं पुढे स्वतःच कबूल केलं.

‘डायव्हर्जंट’ची मात्र चिपाडं झाली. पहिला भाग सुमारे एकोणतीस कोटी, २०१६ चा तिसरा अठरा कोटींच्या खाली. जगभरच्या गल्ल्यातला निम्म्याच्या आसपास हिस्सा थिएटरवाल्यांकडे राहतो, आणि सिनेमा बनवायलाच अकरा कोटींवर खर्च झालेला. तेव्हा चौथा सिनेमा आधी टीव्हीवर ढकलायचं ठरलं, मग तेही बारगळलं. मूळ तीन पुस्तकांच्या शेवटी नायिका मरते. पुस्तकं वाचलेल्यांनी त्यावर आकाशपाताळ एक केलं होतं. सिनेमाच्या प्रेक्षकांसाठी ती अजून जिवंतच आहे, पैसे संपले म्हणून!

तोवर प्रेक्षकही कंटाळले होते. २०१६ ते २०१८ च्या दरम्यान एकामागून एक पडत गेले. ‘मॉर्टल इंजिन्स’मध्ये चाकांवर फिरणारी शहरं एकमेकांना गिळतात, कल्पना भन्नाट, गल्ला भुईसपाट.

आता माझ्याच म्हणण्याच्या विरुद्ध एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती तीन बोटं. पुस्तकात कॅटनिसच्या जिल्ह्यात हा जुना, जवळजवळ विसरलेला रिवाज आहे, मयतीला वगैरे कधीतरी दिसणारा. आभार, आदर, आणि जिवलगाचा निरोप. छापील पानावर तो एका परिच्छेदाचा. सिनेमानं तो मुका ठेवला, गर्दीचा केला. मे २०१४ मध्ये थायलंडमध्ये लष्करानं सत्ता घेतली आणि विरोधक खरोखर रस्त्यावर तीन बोटं वर करून उभे राहू लागले. त्यासाठी विद्यार्थ्यांना ताब्यात घेतलं गेलं. २०२१ मध्ये म्यानमारात पुन्हा तेच. भाकरीचं दृश्य कितीही थोर असलं तरी ते रस्त्यावर नेता आलं नसतं. हात वर करायला भाषांतर लागत नाही. कॅमेरा सत्तेच्या बाजूचा असतो असं मी वर म्हणालो, त्याला हा एवढा मोठा अपवाद आहे आणि तो मला कुठे बसवता येत नाही.

जपानी ‘बॅटल रॉयल’ (कादंबरी १९९९, सिनेमा २०००) बद्दलही असंच. शाळेचा एक वर्ग बेटावर नेऊन एकमेकांना मारायला लावतात. दिग्दर्शक किंजी फुकासाकू दुसऱ्या महायुद्धात पंधराव्या वर्षी दारूगोळ्याच्या कारखान्यात कामाला होता, सोबतची पोरं मेलेली पाहिलेली. त्याचा कॅमेरा काही लपवत नाही. सईला तो अजून दाखवलेला नाही.

आणि ज्याला हा सगळा प्रकार एका बैठकीत बघायचा आहे त्यानं २०२३ चा ‘द बॅलड ऑफ साँगबर्ड्स अँड स्नेक्स’ बघावा, पण पुस्तक (२०२०) आधी वाचून. यात अठरा वर्षांचा स्नो नायक आहे, पुढचा हुकूमशहा. पुस्तक ‘तो’ म्हणून सांगितलंय, पण त्याच्या डोक्याला चिकटून. प्रत्येक चांगल्या कृतीआधी त्याचा हिशोब ऐकू येतो: यात मला काय? सिनेमात हिशोब ऐकू येत नाही, नुसती कृती दिसते आणि देखणा चेहरा. त्यामुळे शेवटाला तो उलटतो तेव्हा प्रेक्षक दचकतो. वाचक दचकत नाही. त्याला पहिल्या प्रकरणापासून वास येत होता.

लाइट त्या रात्री दोनला आली, तोवर सगळे झोपले होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी झोक्याजवळ गल्लीतली सात-आठ पोरं जमली होती आणि सईला गोष्ट सांगायचा आग्रह चालला होता. तिनं पुस्तकासारखीच सुरुवात केली. “मी चौकात उभी आहे. माझ्या बहिणीचं नाव पुकारलंय. मी ओरडते, तिला सोडा, मला न्या, मी मरायला तयार...”

ओट्यावर भाजी निवडत बसलेल्या आईनं हातातली जुडी खाली ठेवली.

“मी मी नको करू व माय, दिवाबत्तीना टाईमले. एक पोर व्हती, आसं सांग.”

सई माझ्याकडे बघून हसली. मग तिनं पाय टेकवून झोका थांबवला.

“एक पोर व्हती,” ती म्हणाली.